छान प्यायली, शांत झोपली

प्रिय आई,

तुझे फोन मी मुद्दाम उचलत नाही. माझा मोबाइल बिघडलेला नाही, आणि मी दिवसभर झोपूनही नसते. मावशीला तू काय सांगितलंस ते माझ्यापर्यंत पोचलं. ‘बाळंतीण आहे, डोकं ठिकाणावर नाही, येईल काही दिवसांत ताळ्यावर.’ मावशीने जसंच्या तसं ऐकवलं आणि वर विचारलं, अगं, सख्ख्या आईशी असं कोणी वागतं का? मी म्हटलं, कोणी वागत नसेल, मी वागते आहे. बाळ कसं आहे एवढं विचारून तिने फोन ठेवला.

माझं डोकं ठिकाणावर आहे. पण समोर बसले किंवा फोनवर असले की मला तुझ्यापुढे बोलता येत नाही, हे तुलाही चांगलं माहीत आहे. मी दोन वाक्यं बोलते, तिसऱ्याला तू ‘बरं बरं, पड बघू आता जरा’ म्हणतेस आणि मी गप्प होते. लहानपणापासून हेच चालत आलंय. कागदाला मध्येच तोडता येत नाही म्हणून लिहायला बसले आहे. मला लिहिण्याचा सराव नाही, शाळेत निबंधाला जेमतेम पास होण्यापुरते गुण पडायचे. जसं सुचेल तसं लिहीन. तू मात्र शेवटपर्यंत वाच. वाईट वाटायला लागलं की घडी घालून कपाटात ठेवू नकोस. तुझी ती सवय मला ठाऊक आहे.

आधी तुझ्या नातीचं सांगते. ती बरी आहे. एवढं तुला कळायला हवं. तिला आम्ही कसं पाजतो तेही सांगते, कारण तू इथे असताना मी हे करायला घेतलं की तू तोंड फिरवून खोलीबाहेर जायचीस. ती सहसा भूक लागली म्हणून उठत नाही. इतक्या लवकर जन्मलेल्या मुलांचं असंच असतं. अंगात ताकद कमी म्हणून ती झोपतात, झोपतात म्हणून पोटात काही जात नाही, आणि पोटात काही गेलं नाही की आणखी झोपतात. दवाखान्यातून घरी सोडताना नर्सबाईंनी तुझ्यासमोर हे सांगितलं होतं. तू मान डोलावली होतीस.

तर वेळ झाली की मी आधी खिडकीचा पडदा अर्धा ओढते. भगभगीत उजेड असला की ती डोळे गच्च मिटून घेते. मग दुपटं सोडते, झबलं काढते, लंगोट बदलते आणि तिला तशीच उघडी माझ्या छातीशी धरते. पावलांवर अंगठ्याने घासते. कानामागे, पाठीच्या कण्यावरून बोट खाली-वर फिरवते. ती कूस बदलल्यासारखं करते, तोंड उघडते, घेते. तीन-चार घोट ओढले की गाडी बंद. मग हनुवटीखाली बोटाने चोळायचं. त्यानेही नाही झालं तर ओलं फडकं कपाळावरून आणि तळपायावरून. ती नुसता जबडा हलवत असते तेव्हा बघणाऱ्याला वाटतं, पिते आहे. पण घोट उतरतो तेव्हा अगदी बारीक आवाज येतो, कोणी लांबून जीभ टाळूला लावावी तसा. तो ऐकू यावा म्हणून आम्ही पंखा बंद ठेवतो आणि तुझा जावई घाम पुसत माझ्या बाजूला कान लावून बसतो. तिचं नाव त्याने बाईसाहेब ठेवलंय. बाईसाहेब, मीटिंग संपलेली नाही, डुलक्या नंतर काढा, असं तो तिच्या पायाशी बसून म्हणत असतो. आवाज आला की माझ्याकडे बघून बोट वर करतो. अर्ध्यात तिला उभी धरायची, ढेकर काढायची, काही बदलायचं नसलं तरी लंगोट पुन्हा सोडायचा. गार लागलं की ती चिडते आणि चिडली की पिते. फार वेळ ताणायचंही नाही, कारण पिण्यातच ती दमते. राहिलेलं दूध मग वाटी-चमच्याने, तेही डोळे उघडे असतील तरच. झोपलेल्या मुलाच्या तोंडात दूध सोडलं तर ते भलतीकडे जातं.

हे सगळं बघून तू म्हणाली होतीस, शत्रूच्या पोरालाही कोणी असं करणार नाही. ओलं फडकं तू माझ्या हातातून ओढून घेतलं होतंस. आठवतंय? आणि मग तिला उचलून, दुपट्यात घट्ट बांधून, खांद्यावर टाकून तू खोलीत फेऱ्या मारायला लागलीस. माझ्याकडे पाठ करून तिला म्हणत होतीस, ‘झोप गं माझी बाय, झोप. तुझ्या आईला काही कळत नाही.’ ती झोपलीच. तुझ्या खांद्यावर कोण झोपत नाही?

तुझा तरी काय दोष, असं मावशी म्हणते. आख्खं आयुष्य मुलांना झोपवण्यात गेलं तुझं. मावशीने हे तुझ्या बाजूने सांगितलं, पण मला त्यातूनच बाकीचं सगळं नीट दिसायला लागलं. आपलं पाळणाघर मला अजून जसंच्या तसं आठवतं. पुढची मोठी खोली, भिंतीला टेकवून ठेवलेल्या गाद्या, जाड निळे पडदे, आणि दुपारची जेवणं झाली की ओळीने निजलेली दहा-बारा मुलं. जे पोर घरी आईला तासभर दाद द्यायचं नाही ते तुझ्या हाताखाली पाच मिनिटांत गार व्हायचं. काकूंच्या हातात अफू आहे, असं मुलांच्या आया म्हणायच्या आणि तू ते सगळ्यांना कौतुकाने सांगत सुटायचीस. त्या घरात दुपारी मी कधी मोठ्याने बोलले नाही. शाळेतून आल्यावर जिन्यातच चपला काढून हातात घ्यायच्या, पाणी पिताना नळ बारीक सोडायचा, खोकला आला तर उशीत तोंड खुपसायचं. शिंक दाबता दाबता एकदा माझ्या नाकातून रक्त आलं होतं, तेव्हाही तू आधी गाद्यांकडे बघितलंस. सगळे म्हणतात, ही स्वभावाने शांत आहे. स्वभाव कसला आलाय!

आणि संध्याकाळी आया यायच्या. कामावरून थेट, खांद्याला पिशव्या, केस विस्कटलेले. दारात उभ्या राहून त्या विचारायच्या, कसा होता आज? तू प्रत्येकीला एकच सांगायचीस. ‘सगळं जेवला हो. छान झोपला. काही त्रास नाही.’ ज्याने दिवसभरात घास तोंडात घेतला नाही त्याच्या आईलाही हेच, आणि ज्याने रडून घर डोक्यावर घेतलं त्याच्या आईलाही हेच. पुरावा म्हणून रिकामा डबा हातात द्यायचीस. ते डबे कोण रिकामे करायचं ते तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. ते गारढोण अन्न मी स्वयंपाकघरात उभ्याने गिळायचे, कारण टाकून दिलेलं कोणी कचऱ्यात बघितलं तर पंचाईत. एकदा मी तुला विचारलं होतं, खोटं का सांगतेस? तू रागावली नाहीस. अगदी समजावून सांगितलंस. बिचारी दमून आलेली असते, खरं सांगून तिला काय मिळणार, रात्रभर तळमळत बसेल, दोन शब्द गोड बोललं तर आपलं काय जातं? मला ते पटलं होतं. त्या मुलांचं काही बिघडलंही नाही. चांगली धट्टीकट्टी होती, घरी जाऊन जेवत असतील.

माझी धट्टीकट्टी नव्हती. दोघंही नव्हती.

दोघं झाली मला, आई. हे मी तुलाच सांगावं ही कमाल आहे, पण सांगायला हवं, कारण तू आमच्या इमारतीत एकच झाल्याचं सांगून ठेवलंस. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी मला जिन्यात गाठून अभिनंदन केलं आणि म्हणाल्या, एकच आहे ते बरं बाई, माझ्या भावजयीला जुळी झाली तर दोन वर्षं ती माणसात नव्हती. वर आल्यावर तुला विचारलं तर तू म्हणालीस, ‘उगाच सगळ्यांना सांगून काय करायचंय? पुन्हा पुन्हा तोच विषय.’ पुन्हा पुन्हा? आपण तो विषय एकदा तरी काढला होता का?

दवाखान्यातल्या काचेच्या खोलीत नर्स त्यांना जागेवरून ओळखायच्या, नावं ठेवली नव्हती म्हणून. ही खिडकीकडची आणि तो दाराकडचा. दोघं आली तीच मुळात घाईने, आणि तो तिच्याहूनही लहान होता. दुसऱ्याच दिवशी तो गेला. ती राहिली. माझ्या शरीराला मात्र हे कोणी कळवलं नाही, दूध दोघांपुरतं येत राहिलं. ती पिऊन पिणार किती? उरलेलं मी यंत्र लावून काढायचे. तेव्हा किती दुखायचं ते तुला सांगायचं कारण नाही, दातांवर दात आवळून बसलेलं तू मला बघितलं आहेस. वाटीत दूध साठताना बघून मला दर वेळी एकच वाटायचं, निदान हे तरी तिच्या पोटात जावं.

आणि तू म्हणालीस, दुपारचं मी बघते. तू झोप, एवढं तरी करू दे मला. मी दूध काढून ठेवायचे आणि आत जाऊन पडायचे. टाके दुखत होते, डोळे उघडत नव्हते. उठून येईपर्यंत वाटी धुऊन ओट्यावर पालथी घातलेली असायची. ‘सगळं प्यायली. छान झोपली.’ हे शब्द मी लहानपणी रोज संध्याकाळी ऐकले होते आणि तरीही ऐकून मला हायसं वाटायचं. त्या दारातल्या आयांना कसं वाटत असेल ते मला तेव्हा कळलं.

मग तिला वजनाला नेलं. डॉक्टरीणबाईंनी आकडा बघितला, तिला उचललं, काटा पुन्हा शून्यावर आणला आणि परत ठेवलं. आकडा हलला नाही. घरी सोडतानाच्या वजनाहून कमी होतं. त्यांनी मला विचारलं, किती पिते? मी तोंड उघडायच्या आत मागून तू बोललीस, ‘छान पिते हो! अजिबात त्रास नाही पोरीचा.’ त्या म्हणाल्या, त्रास देत नाही म्हणून तर मी विचारते आहे, लंगोट किती ओले होतात दिवसात? तू हसलीस आणि म्हणालीस, ‘ते कोण मोजत बसतंय!’ त्या हसल्या नाहीत. अंगातलं पाणी कमी झालंय का ते बघायला त्यांनी तिच्या पोटावरची कातडी दोन बोटांत धरून सोडली, मग माझ्याकडे बघून सांगितलं की दोन दिवसांनी पुन्हा आणा, वाढलं नाही तर ठेवून घेऊन नाकातून नळी घालावी लागेल. परतताना गाडीत तू सगळा वेळ त्या डॉक्टरीणबाईंना नावं ठेवत होतीस. कालची पोर, स्वतःला मूलबाळ आहे की नाही कोण जाणे, आम्हाला शिकवते. मी खिडकीबाहेर बघत हिशेब लावत होते. माझ्याकडे ती थोडं का होईना पिते, आवाज मी स्वतः ऐकते. मग जातं कुठे?

त्याच दुपारी मी आत जाऊन पडले, पण झोपले नाही. थोड्या वेळाने स्वयंपाकघरात आले. तू सिंकपाशी उभी होतीस. डाव्या खांद्यावर ती गाढ झोपलेली आणि उजव्या हाताने तू वाटीतलं दूध ओतत होतीस. नळ बारीक सोडला होतास, आवाज होऊ नये म्हणून. मी दारातच थांबले. तू वाटी विसळलीस, पालथी घातलीस, ओल्या हाताने तिची पाठ थोपटलीस आणि वळलीस. मी तुला दिसले. मी किती वेळ तिथे आहे हे तुला कळलं असणार. आणि तरीही तुझ्या तोंडून पहिलं काय निघालं, आई? ‘सगळं प्यायली.’

त्यानंतर तू बरंच बोललीस. ती उठतच नव्हती, एवढ्याशा जिवाला कशाला छळायचं, भूक लागली की उठेल, सगळी पोरं उठतात. आणि तुला खरं सांगितलं असतं तर तू झोपली नसतीस. किती दिवस ओतते आहेस, असं मी विचारलं. तू तिला थोपटत राहिलीस. मी तिला तुझ्या खांद्यावरून काढून घेतली तेव्हाही तुझा हात हवेत तसाच हलत होता.

तुझी बॅग तुझ्या जावयाने भरली. दोन दिवस जाऊ दे, आईच आहे ती, असं तो मला बॅग भरता भरता सांगत होता. तू जिन्यात खूप वेळ थांबलीस. मी मागून हाक मारीन असं तुला वाटलं असेल. मी दार लावून घेतलं आणि जन्मात पहिल्यांदा जोरात आपटलं. ती माझ्या हातात दचकली आणि टक्क जागी झाली. मी तिथेच दाराला टेकून जमिनीवर बसले आणि तिला पाजलं. ती बराच वेळ प्यायली. तू पलीकडे होतीस की गेली होतीस ते मला माहीत नाही, मी बघितलं नाही.

पण तिचं घटलेलं वजन दोन दिवसांत भरून निघण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या वजनाला तिला ठेवून घेतलं. नाकातून नळी घातली. ती नळी गालाला चिकटवलेली, चिकटपट्टी तिच्या अर्ध्या गालाएवढी. हे तुला मावशीने सांगितलं असेल, आणि तू म्हणाली असशील, आता दवाखान्यात आहे म्हणजे काळजी नाही. त्या नळीतून थेंब थेंब उतरताना बघत मी तिच्याजवळ बसून राहायचे. हळूहळू तिचं अंग भरलं, नळी निघाली, आम्ही घरी आलो. परवा सकाळी ती स्वतःहून रडली. भुकेने. मी कपडे वाळत घालत होते, तुझा जावई दाढी करत होता. आम्ही दोघं आपापल्या जागी थिजलो, कारण असा आवाज या घरात कधी आलाच नव्हता. तो अर्ध्या फेसाने धावत आला, बाईसाहेबांनी बोलावलंय, बाईसाहेबांनी स्वतः बोलावलंय, असं ओरडत. मी दोन क्षण तिला तशीच रडू दिली. मला ऐकायचं होतं. खालच्या बाईंनी वर तोंड करून विचारलं, काय झालं हो? मी गॅलरीतून ओरडून सांगितलं, भूक लागली आहे तिला! माझा एवढा मोठा आवाज मीच पहिल्यांदा ऐकला.

हे वाचून तुझा जीव भांड्यात पडेल. पडू दे. पण हे कळवायला मी लिहायला बसले नाही, आणि दुधावरून भांडायलाही नाही. दुधाबद्दल मला जे म्हणायचं होतं ते दार आपटलं तेव्हाच म्हणून झालं.

तिला परत ठेवलं होतं तेव्हा त्या काचेच्या खोलीत त्याच नर्सबाई होत्या. त्यांनी मला ओळखलं. एका सकाळी नळीतलं दूध सारखं करता करता त्या म्हणाल्या, त्या दिवशी तुम्हाला वर आणता आलं नाही, फार वाईट वाटलं हो आम्हाला. मी विचारलं, कोणत्या दिवशी? मला माहीत नाही हे त्यांना तेव्हा कळलं आणि त्या गडबडल्या. मी सोडलं नाही. दाराकडच्याचं आता काही खरं नाही असं दिसल्यावर त्यांनी चाकाची खुर्ची खाली माझ्या वॉर्डात पाठवली होती. खुर्ची माझ्या खाटेपर्यंत आली होती. तू उठून पुढे आलीस आणि म्हणालीस, ‘आत्ताच डोळा लागलाय तिचा. उठवू नका.’ खुर्ची रिकामी परत गेली आणि तिच्यामागून तू वर गेलीस.

मी जागी झाले तेव्हा तू माझ्या उशाशी होतीस. मी विचारलं, तो कसा आहे? माझ्या कपाळावर हात ठेवून तू म्हणालीस, ‘छान आहे. थोडं दूध घेतलं. शांत झोपलाय.’ तुझा हात फिरत राहिला आणि मी पुन्हा झोपले. तो तेव्हा नव्हता, आई. तो जाऊनही बराच वेळ झाला होता. तुझा जावई माझ्यासाठी रक्ताच्या पिशव्या आणायला धावत होता. तो परतला तेव्हा तू त्याला सांगितलंस की तिला संध्याकाळी सांगू, आता टाके ओले आहेत. त्याने ऐकलं. त्यावरून माझं त्याच्याशी भांडण झालंय आणि अजून मिटलेलं नाही, त्यात तू पडू नकोस. संध्याकाळी दाराकडच्याला माझ्या हातात दिलं तेव्हा तो पुसून, स्वच्छ करून, घट्ट गुंडाळलेला होता. जिवंत असताना मी त्याला फक्त ऑपरेशनच्या टेबलावरून पाहिलं, तेही कोणाच्या तरी हातात, डोक्याच्या मागच्या बाजूने. मला खूप रक्त गेलं होतं. त्या खुर्चीत बसून मी वरपर्यंत पोचले असते की वाटेतच पडले असते ते कोणालाच सांगता येणार नाही. पण मला उठवायला हवं होतं. नंतर मी पडले असते तरी चाललं असतं.

आता नीट वाच. तो गेला तेव्हा आपल्यापैकी त्याच्याजवळ तू एकटी होतीस. नर्सबाईंना मी विचारून बघितलं, पण त्या वेळी त्या आणखी दोन मुलांकडे धावत होत्या, त्यांना काही आठवत नाही. म्हणजे त्याच्याबद्दल जे काही आहे ते तुझ्याजवळच आहे, आणि ते माझं आहे, मला हवंय. तू येऊ नकोस. फोन करू नकोस. माफी मागू नकोस, ती मला आत्ता नको आहे. कागद घे आणि लिही. तो रडला का, आणि रडला असेल तर आवाज कसा होता. त्याचे हात मोकळे होते की बांधलेले. कोणी त्याला उचलून घेतलं का, की तो त्या नळ्यांमध्येच पडून होता. तू त्याच्याशी बोललीस का, काय बोललीस. त्याला त्रास झाला का. झाला असेल तर झाला म्हणून लिही, फार झाला असेल तर फार म्हणून लिही. तुला आठवत नसेल तर आठवत नाही असं लिही. मला बरं वाटावं म्हणून एक शब्द जरी घातलास तरी मला तो ओळखू येईल, मी तुझ्याच घरात वाढले आहे, आणि मग नात तुला दिसणार नाही, मावशीने कितीही फोन केले तरी. रविवारी तुझा जावई तिकडे येईल. तो दारातच थांबेल, त्याला आत बसवून घेऊ नकोस. कागद त्याच्या हातात दे. माझ्या मुलाने डोळे उघडले होते का, हे सगळ्यात आधी लिही.

अजून तरी तुझीच मुलगी